‘पेशवेकालीन’ अलेक्झांड्राइट : एका दाव्याची तारीखवार तपासणी

१/ ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत राहणाऱ्यांनी ‘अलेक्झांड्राइट’ हा शब्द वाचला असेल, तर तो बहुधा त्वचाविकारांच्या दवाखान्याच्या पाटीवर. नको असलेले केस काढण्यासाठी जे लेसर वापरतात, त्यांपैकी एकाचे हे नाव आहे. त्या यंत्रातील स्फटिक प्रयोगशाळेत वाढवलेला असतो आणि त्यातून ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश बाहेर पडतो. आजचा धागा मात्र ज्या रत्नावरून त्या यंत्राला हे नाव मिळाले, त्या रत्नाविषयी आहे. आणि ‘पेशवेकालीन अलेक्झांड्राइट’ या दोन शब्दांविषयी, जे आमच्या घरात काही काळ फार विश्वासाने उच्चारले गेले.

२/ आधी रत्नाची ओळख. अलेक्झांड्राइट हा क्रिसोबेरिल नावाच्या खनिजाचा एक दुर्मीळ प्रकार. बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन ही त्याची घटकद्रव्ये. कठीणपणा मोहज मापनश्रेणीवर साडेआठ, म्हणजे हिरा आणि माणिक-नीलम यांच्या खालोखाल. शुद्ध क्रिसोबेरिल जवळजवळ रंगहीन असते. त्यात ॲल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमने घेतल्या की चमत्कार घडतो: दिवसाच्या उजेडात हिरवा दिसणारा खडा दिव्याच्या ज्योतीजवळ लाल होतो.

३/ चमत्कार म्हटले खरे, पण कारण सरळ आहे. क्रोमियम पांढऱ्या प्रकाशातला पिवळा पट्टा शोषून घेते. उरतात दोन खिडक्या: एक हिरव्या-निळ्या प्रकाशाची, दुसरी लाल प्रकाशाची. दोन्ही जवळजवळ तुल्यबळ. सूर्यप्रकाशात निळा-हिरवा भाग भरपूर असतो आणि आपला डोळा हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून खडा हिरवा दिसतो. समईच्या, मेणबत्तीच्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात लाल भागाचे प्राबल्य असते, म्हणून तोच खडा लाल दिसतो. खड्यात काहीही बदलत नाही. बदलतो तो त्याच्यावर पडणारा उजेड.

४/ यातून एक गमतीची गोष्ट निघते. घराघरांतून पिवळे बल्ब गेले आणि ट्यूबलाइट, एलईडी आले. थंड पांढऱ्या प्रकाशाच्या दिव्याखाली अस्सल अलेक्झांड्राइटही आपला लाल रंग नीट दाखवत नाही. सदनिकेच्या दिवाणखान्यात जे दिसणार नाही, ते देवघरातल्या समईजवळ दिसेल.

५/ हे रत्न दुर्मीळ का? बेरिलियम आणि क्रोमियम ही दोन मूलद्रव्ये भूगर्भात सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. बेरिलियम ग्रॅनाइटी शिलारस थिजत आला की शेवटच्या उरलेल्या द्रवात साठते. क्रोमियम असते गडद, जड, मॅग्नेशियमयुक्त खडकांत. क्वचित एखाद्या जागी ग्रॅनाइटी द्रव अशा गडद खडकात शिरतो आणि दोघांची गाठ पडते. तिथेही सिलिका मुबलक असेल तर तयार होतो पाचू. सिलिका कमी पडली, तरच क्रिसोबेरिल. म्हणजे अलेक्झांड्राइट हा पाचूच्याच घरचा, पण क्वचित जन्मणारा भाऊबंद.

६/ म्हणूनच त्याचा शोध पाचूच्या खाणीत लागला. रशियातील उरल पर्वतात, तोकोवाया नदीच्या परिसरात, १८३०च्या सुमारास मक्सिम कोझेव्हनिकोव्ह नावाच्या एका कोळसे पाडणाऱ्या शेतकऱ्याला पाचू सापडले आणि तिथे खाणकाम सुरू झाले. पुढे काही वर्षांतच त्या पाचूंमध्ये एक वेगळा खडा आढळला. फिनलंडचे खनिजशास्त्रज्ञ निल्स गुस्ताफ नॉर्डेनशॉल्ड यांनी तो तपासला. पाचूपेक्षा तो अधिक कठीण निघाला आणि दिव्याजवळ त्याने रंग बदलला.

७/ रशियन दरबारातील काउंट लेव्ह पेरोव्स्की हे खनिजांचे हौशी संग्राहक. युवराज अलेक्झांडर निकोलायेविच, म्हणजे पुढचा झार अलेक्झांडर दुसरा, याच्या नावावरून या रत्नाचे नाव पडले, त्याचे श्रेय पेरोव्स्कींकडे जाते. लोकप्रिय कथा अशी की युवराजाच्या सोळाव्या वाढदिवशी, १८३४च्या एप्रिलमध्ये, नेमक्या त्याच दिवशी हे रत्न सापडले. इतका नेटका योगायोग दिसला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. दरबारात नावे अर्पण केली जातात ती शुभ मुहूर्त पाहून. शोध मात्र मुहूर्त पाहून लागत नाहीत. अभ्यासकही ही कथा जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. आपल्या कामाची गोष्ट एवढीच: ‘अलेक्झांड्राइट’ या नावाला १८३४च्या आधीचा इतिहास नाही.

८/ मग दंतकथांची भर पडत गेली. लाल आणि हिरवा हे रशियन लष्कराचे रंग, म्हणून हे राष्ट्राचे रत्न ठरले. १८६१ साली भूदासांना मुक्त करणारा हाच झार १८८१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये बॉम्बहल्ल्यात मारला गेला. तीन वर्षांनी निकोलाय लेस्कोव्ह या रशियन लेखकाने ‘अलेक्झांड्राइट’ नावाची कथा लिहिली. तिच्यात या झाराचे नशीब त्या खड्याच्या दोन रंगांत वाचलेले आहे. खड्याला भविष्य कळते, ही समजूत पसरायला त्या कथेने मोठा हातभार लावला.

९/ आणखी एक ‘प्राचीन’ समजूत: अलेक्झांड्राइट हे जूनमध्ये जन्मलेल्यांचे रत्न. ही जोड १९५२ सालची आहे. अमेरिकेतील जवाहीर-व्यवसायाने जन्ममहिन्यांच्या रत्नांची यादी तेव्हा सुधारली आणि जूनच्या खात्यात मोत्याशेजारी हे नाव घातले. आपल्या नवरत्नांत (माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या) ते कुठेही नाही.

१०/ आता पेशवाईकडे वळू. दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कम यांच्यापुढे शरणागती पत्करली ती ३ जून १८१८ रोजी. ज्या युवराजाचे नाव या रत्नाला मिळाले, त्याचा जन्म मॉस्कोत झाला २९ एप्रिल १८१८ रोजी (रशियाच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे १७ एप्रिल). बेरीज-वजाबाकी करून पाहा. पेशवाई संपली त्या दिवशी हा युवराज पाच आठवड्यांचा होता. त्याच्या नावाचे रत्न पेशव्यांच्या जवाहीरखान्यात असणे म्हणजे नातवाच्या बारशाची घुगरी आजीने स्वतःच्या बारशाला खाण्यासारखे आहे.

११/ ठाणेकरांसाठी तर हा दावा आणखी विचित्र. मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून १७३७ साली घेतला, आणि १७७४च्या अखेरीस तो इंग्रजांनी जिंकला. १८१६ साली त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातील इंग्रजांच्या कैदेतून निसटले, आणि पेशवाईच्या शेवटच्या अंकाला वेग आला. तेव्हा उरलमधला तो खडा जमिनीखालीच होता.

१२/ हा सारा तारखांचा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या आत्याने तिच्या घरातल्या एका दीर्घ आजारपणात, कोणाच्या तरी सल्ल्यावरून, एक अंगठी घेतली. निवृत्तिवेतनातून काही महिने बाजूला टाकलेली सगळी रक्कम तिच्यात गेली. दुकानदाराने तिला सांगितले होते की खडा पेशवेकालीन आहे, एका सरदार घराण्यातून आलेला आहे, आणि तो अलेक्झांड्राइट आहे. घरात इतिहासाचे वेड मला आहे, हे सर्वांना ठाऊक. म्हणून ‘ते घराणे कोणते असेल, शोधून दे रे’ एवढेच काम तिने माझ्याकडे सोपवले.

१३/ घराणे शोधण्याआधी मी पावती मागितली. आत्याने ती देवघराच्या खणात जपून ठेवली होती. पावतीवर सोन्याचे वजन होते, घडणावळ होती, आणि खड्यापुढे तीनच शब्द होते: ‘रंग बदलणारा खडा’. पेशवे नव्हते, सरदार नव्हते, अलेक्झांड्राइटही नव्हते. जे काही मोलाचे होते ते तोंडी सांगितलेले होते. जे लिहिलेले होते त्याला काही मोल नव्हते. दप्तरात काम केलेल्या कोणालाही हा फरक सांगावा लागत नाही.

१४/ आत्याच्या संमतीने अंगठी मुंबईतील एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिली. तिथे काय पाहतात ते समजून घेण्यासारखे आहे. पहिली कसोटी अपवर्तनांकाची: प्रकाशकिरण खड्यात शिरताना किती वाकतो याचे माप. अलेक्झांड्राइटचा अपवर्तनांक साधारण १.७४ ते १.७६ या टप्प्यात येतो. आत्याच्या खड्याचा १.७६ ते १.७७ निघाला. हे माप कुरुंदाचे, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे प्रकार आहेत त्याचे.

१५/ दुसरी कसोटी सापेक्ष घनतेची, आर्किमिडीजच्या तत्त्वावर. खडा कोंदणातून काढून आधी हवेत आणि मग पाण्यात तोलायचा. अलेक्झांड्राइट पाण्याच्या सुमारे ३.७३ पट जड असतो, कुरुंद ४ पट. तिसरी कसोटी सूक्ष्मदर्शकाची. नैसर्गिक स्फटिकाच्या वाढीच्या रेषा सरळ असतात किंवा कोनात मिळतात. आत्याच्या खड्यात त्या वक्र होत्या, ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाचांसारख्या. वितळलेल्या भुकटीचे थेंब थरावर थर साचवून केलेल्या कृत्रिम कुरुंदाची ती खूण.

१६/ ही पद्धत फ्रेंच रसायनतज्ज्ञ ओग्यूस्त वेर्नॉय यांची. त्यांनी ती १९०२ साली जाहीर केली. कुरुंदात थोडे व्हॅनेडियम मिसळले की तोही उजेडाप्रमाणे रंग बदलतो. असे खडे विसाव्या शतकात जगभर ‘अलेक्झांड्राइट’ म्हणून विकले गेले आणि अनेक घरांत वारसा म्हणून जपले गेले. ओळखायला एक सोपी खूण आहे: हा खडा दिवसा हिरवा दिसत नाही. तो राखट निळा दिसतो आणि दिव्याजवळ जांभळट गुलाबी होतो. आत्याचा खडा अगदी तसाच होता. पण ज्याने खरा कधी पाहिलाच नाही, त्याला निळा-जांभळा बदलही तितकाच अद्भुत वाटतो.

१७/ धाग्यातील जाणकार इथे एक योग्य शंका काढतील. नाव १८३४ नंतरचे असेल, पण खनिज तर कोट्यवधी वर्षांचे. श्रीलंकेच्या नदीगाळात रंग बदलणारे क्रिसोबेरिल सापडते. ते वेगळ्या नावाने पेशव्यांकडे आले नसेल कशावरून? शंका रास्त आहे. मात्र तसे म्हणायचे तर तो खडा, त्याची जुनी नोंद आणि आजचा खडा तोच असल्याचा पुरावा, हे तिन्ही दाखवावे लागेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचा डोंगर आहे. ‘नोंद सापडू शकते’ आणि ‘नोंद सापडली आहे’ या दोन वाक्यांच्या मध्ये आपला सगळा अभ्यास उभा असतो.

१८/ नावे किती फसवी असतात याचे एक देशी उदाहरण. अलेक्झांड्राइटचा सख्खा भाऊ म्हणजे लसण्या: तेच क्रिसोबेरिल, पण आत समांतर सूक्ष्म तंतू असल्यामुळे घुमटाकार घासल्यावर मांजराच्या डोळ्यासारखी रेघ चमकते. आज आपण त्याला वैडूर्य म्हणतो. प्राचीन ग्रंथांत मात्र वैडूर्य हा शब्द अनेक ठिकाणी बेरिल या खनिजासाठी आलेला दिसतो. प्राकृतातले ‘वेलुरिय’ व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकांकडे गेले, तिथे ‘बेरिलोस’ झाले, त्यातून बेरिल. आणि एकोणिसाव्या शतकात त्या खनिजातील धातूला नाव मिळाले बेरिलियम.

१९/ म्हणजे पाहा: रशियन युवराजाचे नाव धारण करणाऱ्या रत्नात जे मूलद्रव्य आहे, त्याच्या नावात आपल्या प्राकृताचा अंश आहे. अलेक्झांड्राइटशी भारताचे खरे, जुने, सिद्ध करता येणारे नाते हवे असेल तर ते हे आहे. त्यासाठी कोणा सरदाराची वाड्यातली पेटी कल्पावी लागत नाही.

२०/ दुसरे खरे नाते आहे भूगोलाचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आंध्र प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगड या पट्ट्यात अलेक्झांड्राइट सापडले. छत्तीसगडमधील देवभोग परिसर त्यासाठी ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. मराठी राज्याच्या मुलखात हे रत्न होते खरे. पण मातीखाली, निनावी.

२१/ आणि ज्यांना आपल्याच परिसराचा रत्न-सुवर्णाशी जुना संबंध हवा आहे, त्यांनी कान्हेरीला जावे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कॅलिएना’ या नावाने येतो: एकेकाळचे मान्यताप्राप्त बंदर, जिथे पुढे ग्रीक जहाजांना अडथळे येऊ लागले. कान्हेरीच्या लेण्यांत सातवाहनकाळापासूनचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांतील एका लेखात कल्याणचा सुवर्णकार सामिदत याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराचे दान आहे.

२२/ सुवर्णकार आणि मणिकार. दोघांनी घडवलेला एकही दागिना आज आपल्याला दाखवता येणार नाही. तरी त्यांची नावे, गावे आणि व्यवसाय आपण खात्रीने सांगतो, कारण ते दगडात लिहिलेले आहे. डोंबिवलीपासून सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटरवर असलेला हा वारसा कोणी विकत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

२३/ जाता जाता एक सावधगिरीची सूचना. रत्नपरीक्षेवरील जुने ग्रंथ शोधताना ‘कल्याणच्या राजाने लिहिलेला मानसोल्लास’ असे वाचायला मिळेल. ते आपले कल्याण नव्हे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याची राजधानी कल्याणी, म्हणजे कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. बाराव्या शतकातील त्याच्या या ग्रंथात रत्नपरीक्षेचा भाग आहे. रत्नशास्त्राच्या ग्रंथांत शुभाशुभ फळे सांगितलेली असतातच. पण त्यांबरोबर खाण कोणती, रंग कसा, दोष कोणते, खोटा खडा कसा ओळखावा, हेही असते. आज शुभाशुभ फळे तेवढी लक्षात ठेवली जातात आणि परीक्षा गाळली जाते.

२४/ अहवाल घेऊन आम्ही दुकानात गेलो, तेव्हा आम्हांला आमचीच पावती दाखवण्यात आली: ‘रंग बदलणारा खडा दिला, तो रंग बदलतो आहे.’ कागदाच्या दृष्टीने ते बरोबर होते. सोने अस्सल होते, खडाही त्याच्या परीने प्रामाणिक होता. खोटी होती ती केवळ कथा, आणि पैसे कथेचे घेतले गेले होते. आत्याला मी सगळे कागद समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘खड्याचे राहू दे. मी पेशव्यांचे नाव ऐकले आणि पुढे काही विचारलेच नाही.’

२५/ हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या इतिहासावर आपण प्रेम करतो, त्याच्याच नावाने आपली तोंडे बंद करता येतात. पेशवेकालीन, शिवकालीन, यादवकालीन: विशेषण जितके आदराचे, तितके प्रश्न कमी. आजारपणाने खचलेल्या घराला तर प्रश्न विचारण्याचे त्राणही नसते. अशा वेळी त्या घरातल्या, इतिहास वाचणाऱ्या तरुण माणसाचे काम काय? घराण्याचे नाव शोधून देणे हे नव्हे, एवढे मला त्या दिवसांत नक्की कळले.

२६/ म्हणून तीन प्रश्न लक्षात ठेवा. अंगठी असो, तलवार असो, ताम्रपट असो. एक: वस्तूला दिलेले नाव त्या काळात अस्तित्वात होते का? दोन: जे सांगितले जात आहे, ते लिहून द्यायला सांगणारा तयार आहे का? तीन: ज्याला वस्तू विकायची नाही, अशा कोणी ती तपासली आहे का? पहिल्या प्रश्नाला फक्त तारखा लागतात, आणि त्या तुम्हांला पाठ असतात. घरातल्या मोठ्यांना त्या नसतील. त्यांनी पैसे मोजण्याआधी तुम्हांला विचारावे, इतका विश्वास त्यांच्या मनात निर्माण करा.

२७/ आणि खरा अलेक्झांड्राइट कधी हाती आलाच, तर तो खिडकीशी नेऊन पाहा, मग समईजवळ. हिरव्याचा लाल होताना पाहण्यात जो आनंद आहे, तो कोणत्याही पेशव्याचे नाव न घेता पूर्ण आहे. तुमच्या घरात एखाद्या वस्तूबरोबर अशी ‘कालीन’ कथा आली असेल तर प्रतिसादात लिहा. कथा लिहा, आणि पावतीवर काय लिहिले आहे तेही लिहा. तारखा आपण मिळून लावू.